कवळीची निगा

छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे हिरड्यांची मापं घेऊन कवळी बसवतात. ती अंगवळणी पाडायची मात्र घरीच.

सुरुवातीला लाळ सुटते, शब्द अडखळतात. ज्वारीची कडक भाकरी तेव्हा दुधात कुस्करून खावी. घास लहान घ्यावा, दोन्ही बाजूंनी चावावा. पुढच्या दातांनी पेरू तोडायला गेलं, की वरची कवळी मागून सुटते.

कवळी बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. उकळत्या पाण्याने ती वाकडी होते, टूथपेस्टने चरे पडतात आणि चऱ्यांत जंतू राहतात. म्हणून मऊ ब्रश आणि साधा साबण. धुताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवावं, हातातून निसटली तरी फुटत नाही.

रात्री ती काढून पाण्यात ठेवावी. चोवीस तास घातली तर टाळू लाल होतो, बुरशीही धरते.

दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, कवळी सैल पडते. कित्येक आजी-आजोबा मग ती कपाटात टाकून वरणभातावर दिवस काढतात, याचं फार वाईट वाटतं. आतून नवा थर देऊन ती पुन्हा घट्ट बसवता येते. टोचली तर घरी कानशीने घासू नये. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांनी, लगेच दंतवैद्याला दाखवावी.