चिपची चाहूल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



"तू नेमकं काय काम करतोस ते एकदा सांगून टाक," असं संयोजकांनी फर्मावलं आणि वेळ दिली दहा मिनिटं. घरच्यांना इतक्या वर्षांत जे समजावता आलं नाही ते दहा मिनिटांत सांगायचंय. सांभाळून घ्या.

हेडसर जिन्यावरून यायचे ते आठवतंय? चपला सावकाश वाजल्या तर नुसती फेरी. भराभर वाजल्या तर कुणाची तरी धडगत नाही. सरांच्या मनात काय आहे ते विचारायला कुणी गेलं नव्हतं, जिनाच सांगायचा. माझ्या धंद्यात याला साइड चॅनेल हल्ला म्हणतात.

तुमच्या एटीएम कार्डावरच्या चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते, म्हणजे एक भलामोठा आकडा. १२८ बिटांची किल्ली एकेक करून ताडत बसलं तर जगातले सगळे संगणक लावूनही जमणार नाही. पण चिप काम करताना वीज खाते, आणि आत कुठला आकडा फिरतोय त्याप्रमाणे ती वीज किंचित कमीजास्त होते. पॉल कोचर या अमेरिकन तज्ज्ञाने १९९६ मध्ये नुसता वेळ मोजून आणि १९९९ मध्ये दोन सहकाऱ्यांसह वीज मोजून अशा किल्ल्या काढता येतात हे दाखवलं. या पद्धतीत किल्ली एकेका बाइटने ताडता येते. एका बाइटला २५६ पर्याय, सोळा बाइटांचे मिळून ४,०९६. कुलूप भक्कमच असतं हो, पण चाहूल लागते.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरीही २०१४ मध्ये मी चुकलो.

तेव्हा मी एका छोट्या कंपनीत दूध संस्थांसाठी कार्डं बनवत होतो. सभासदाचं लिटर, फॅट, रक्कम सगळं कार्डावर. आपल्याच वर्गातला एक जण गावच्या संस्थेचा सचिव आहे, समोरच बसलाय. त्याने विचारलं होतं, "हे कुणाला फोडता येईल काय?" मी छातीठोकपणे सांगितलं, "नाही." कार्डं छापून तयार होती.

आमच्याकडे इंजिनिअरिंगची एक मुलगी शिकाऊ म्हणून आली होती. तिने कार्डाच्या चिपच्या वीजपुरवठ्यात एक साधा रेझिस्टर जोडला, ऑसिलोस्कोप लावला, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर दीड तासात सोळाही बाइट कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवले. त्याहून वाईट म्हणजे सगळ्या कार्डांना मी एकच किल्ली दिली होती. एक फुटलं की गावची सगळी फुटली. कुणीही कुणाच्या नावावर हवं तेवढं दूध लिहावं!

सचिवसाहेबांना फोन करायला मला दोन दिवस लागले. ते काय बोलले ते गुरुजनांसमोर सांगता येणार नाही. आठ महिने संस्थेत वह्याच चालू राहिल्या.

उपाय गणिताच्या सरांना आवडेल. समजा ३७ गुण गुप्तपणे कळवायचे आहेत. एका शिपायाच्या चिठ्ठीवर ६१ लिहा, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर ७६. बेरीज १३७, वरचे शंभर सोडा, राहिले ३७. पुढच्या वेळी १५ आणि २२. पहिला आकडा दरवेळी चिठ्ठी टाकून काढायचा. एकच चिठ्ठी चोरून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. चिपमध्येही आकड्याचे असेच तुकडे करून गणित चालवतात. त्याला मास्किंग म्हणतात, म्हणजे मुखवटा.

अडचण अशी की मुखवटा महाग पडतो. नेहमीच्या एईएस पद्धतीत २५६ आकड्यांचा तक्ता असतो, आणि आम्ही तो दरवेळी नव्याने मांडत होतो. आमची चिप इवलीशी, ती दमायची. पहाटे साडेपाचला किटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला "थांबा, मुखवटा घालतोय" म्हणून चालत नाही. शेवटी थोडी मोठी चिप घेतली, प्रत्येक कार्डाला वेगळी किल्ली दिली, आणि तोटा आम्ही सोसला.

म्हणूनच हलक्या कूटपद्धतींवर माझा जीव जडला. २००७ मध्ये आलेल्या 'प्रेझेंट'चा तक्ता फक्त सोळा आकड्यांचा. आणि 'ॲस्कॉन'ला तर तक्त्याचीही गरज नाही, बिटांवरच्या मोजक्या साध्या क्रियांत काम भागतं, त्यामुळे मुखवटा स्वस्तात बसतो. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेकडे ५७ प्रस्ताव आले होते. त्यातून २०२३ च्या फेब्रुवारीत ॲस्कॉन निवडली गेली, ऑगस्ट २०२५ मध्ये तिचं मानक प्रसिद्ध झालं. हलकी म्हणजे कच्ची नव्हे. मात्र मुखवट्याशिवाय तीही बोलते, हे विकणारे सांगत नाहीत.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी गेले, आणि बनावट कार्डांनी काही रक्कम आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही निघाली. तेव्हा सचिवसाहेबांचा लगेच फोन: "तुझंच पाप काय रे?" नव्हतं. तिथे चोर बँकेच्या संगणक यंत्रणेत शिरले होते. चिपची चाहूल घ्यायची त्यांना गरजच पडली नाही. पण "आपलं कार्ड फुटेल काय?" या प्रश्नाला मी आता "नाही" म्हणत नाही. किती खर्चात, किती वेळात फुटेल ते सांगतो. त्यांना ते पटत नाही.

तो जुना ऑसिलोस्कोप आणि २०१४ चं एक कार्ड सोबत आणलंय. जेवणानंतर शाळेच्या प्रयोगशाळेत मांडतो. खिडकीजवळच्या टेबलाला हात लावू नका, त्याचा पाय अजून तसाच हलतोय.