गाडी उशिरा का येते?



रुग्णवाहिकेबद्दल लोक एकच प्रश्न विचारतात, गाडी किती वेळात आली? प्रश्न रास्त आहे. घरात माणूस तडफडत असताना मिनिटं मोजली जाणारच. पण मी या सेवेत काम केलं आहे, आणि उशीर कुठे होतो हे आतून पाहिलं आहे. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली. तेव्हा ठरल्या ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, बाकीच्या ७०४ प्राथमिक उपचारांच्या. २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली तर एका गाडीमागे सुमारे १ लाख २० हजार माणसं होती. नियंत्रण कक्ष पुण्यात. गडचिरोलीतून फोन लावला तरी तो तिथेच उचलला जातो. हैदराबादेत २००५ साली १०८ सुरू झाली तेव्हा गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असे. महाराष्ट्राने गाडीत डॉक्टर बसवला. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

हे डॉक्टर बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेले. शेजारी चालक, ज्याला आम्ही पायलट म्हणतो. सायरनच्या आवाजात स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नाही, म्हणून नाडीवर बोट ठेवून अंदाज घ्यायचा. कीटकनाशक प्यायलेल्या शेतकऱ्याच्या तोंडातला फेस काढत, हलत्या गाडीत शीर शोधून अ‍ॅट्रोपिन द्यायचं. या गाड्यांमध्ये हजारो बाळं जन्मली आहेत. पायलट गाडी कडेला घेतो, आशाताई बॅटरी धरते, आणि बाळंतपण तिथेच होतं.

आता उशिराचं. मेळघाटातल्या धारणीत एखादी बाई बाळंतपणात अडली. सिझेरियन करायला स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, रक्त हवं. यांतलं एक जरी त्या दिवशी नसलं तरी कागदावर शब्द पडतो, ‘रेफर’. मग घाटाची वळणं काढत अमरावतीचं डफरीन स्त्री रुग्णालय गाठायचं. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथे खाट मिळेपर्यंत बाई आमच्याच स्ट्रेचरवर. स्ट्रेचर सुटत नाही तोवर गाडीही सुटत नाही. जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि तेवढा वेळ धारणीच्या वाट्याची ती गाडी धारणीत नसते. दुपारी तिथे कुणाला साप चावला तर गाडी लांबून येते. नातेवाईक चिडतात. कॉलर पायलटची धरली जाते.

ही गोष्ट मेळघाटापुरती नाही. ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा, तिथून सिव्हिल, तिथून मेडिकल कॉलेज, असा रुग्ण पुढे पुढे सरकत राहतो. अपघातस्थळी धावायची गाडी अशा वेळी एका दवाखान्यातून दुसऱ्यात माणसं पोचवत असते. शंभर नव्या गाड्या आणल्या, तरी भूलतज्ज्ञाची जागा रिकामी असेल तर त्याही त्याच रस्त्यावर अडकतील.

आणि हे ओझं ज्यांच्या खांद्यावर आहे त्यांची नेमणूक कंत्राटी. कंत्राट बदललं की पुढे काय, याची धास्ती. बढतीची वाट जवळजवळ नाही. अनुभवी माणूस पाच-सहा वर्षांत दवाखाना थाटायला निघून जातो आणि हलत्या गाडीत शीर शोधण्याचं कसब त्याच्याबरोबर जातं. आरोग्यसेवकांवरचे हल्ले रोखणारा कायदा राज्यात २०१० पासून आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने रुग्णवाहिकेतल्या तंत्रज्ञालाही आरोग्य व्यावसायिक मानलं. कायद्याने दिलेला हा मान पगाराच्या चिठ्ठीवर आणि नेमणुकीच्या पत्रावर अजून उतरलेला नाही. हा अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणतो.

तुम्ही काय करू शकता? फोन लावल्यावर आधी ठिकाण सांगा, मग माणूस श्वास घेतोय की नाही ते सांगा, आणि पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नका. अपघातातल्या जखमीला उचलायला घाबरू नका. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. आणि निवडणुकीत उमेदवार तुमच्या गावाला नवी रुग्णवाहिका देतो म्हणाला, तर त्याला विचारा, आमच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ कधी येणार? तारीख मागून घ्या.