टॅबवरचं फुकट ऑफिस

महागाव तालुक्यातलं फुलसावंगी घ्या. बचत गटाचा हिशेब असो की कापूस-सोयाबीनच्या खर्चाची नोंद, तिथल्या घरात टॅब असेल तर ऑफिसच्या ॲपसाठी पैसे मोजायची गरज नाही.

मायक्रोसॉफ्टचे वर्ड आणि एक्सेल 10.1 इंचांपर्यंतच्या पडद्यावर घरगुती वापरासाठी फुकट चालतात. त्याहून मोठ्या टॅबवर फाइल वाचता येते, पण दुरुस्ती करायची तर वर्गणी भरावी लागते. म्हणजे इथे लहान टॅबच फायद्याचा! गूगलच्या डॉक्स आणि शीट्सला पडद्याची अट नाही. रेंज दगा देत असेल तर घरून निघण्याआधीच फाइलपुढच्या तीन टिंबांवर बोट टेकवा आणि ऑफलाइनचा पर्याय चालू करा. मग वावरात बसून मजुरीचे आकडे भरा. नेट आलं की ते आपोआप गूगल खात्यात चढतात.

खातंच नको असेल, तर लिबरऑफिसवर बेतलेलं कोलॅबोरा ऑफिस आहे. त्यात फाइल टॅबमध्येच राहते. मराठीत लिहायला गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड पुरे. माइक दाबून बोललात तरी अक्षरं उमटतात.

व्हॉट्सॲपवर ‘फुकट प्रो’ म्हणून फिरणाऱ्या एपीके फाइली मात्र टॅबमध्ये घेऊ नका. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या.