जादूच्या अंगठीची किंमत

सरकारी नोकरीतली माझी वीस वर्षे दर ठरविण्यात आणि इतरांनी ठरविलेले दर तपासण्यात गेली. त्यामुळे, जगात नसलेल्या वस्तूंचेही दरपत्रक असते हे कळले तेव्हा मला हसू आले. ते हसू फार काळ टिकले नाही, त्याची ही हकीकत आहे.

माझी कन्या महाविद्यालयात शिकते. दर रविवारी तिचे चार स्नेही आमच्या दिवाणखान्यात जमतात आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ मांडतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. फासे, कागद, पेन्सिल आणि कल्पनाशक्ती एवढ्यावर त्याचा कारभार चालतो. प्रत्येक जण एखाद्या वीराची वा मांत्रिकाची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होतो. तोच जग उभे करतो आणि न्यायही देतो. आमच्याकडे हे काम कन्येकडे आहे.

खेळातले वीर सुवर्णमुद्रा मिळवितात आणि जादूच्या वस्तू विकत घेतात. परंतु ग्रंथात नसलेली वस्तू कोणी मागितली, तर तिची किंमत काय सांगावी? २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने यासाठी सूत्रे दिली. तलवारीच्या अंगी जितके जादा गुण, त्यांचा वर्ग करून २,००० ने गुणायचे. एका गुणाला २,००० मुद्रा, दोन गुणांना ८,०००, तिनांना १८,०००. सामर्थ्य विकत मिळावे, पण सहजासहजी मिळू नये, हे त्यातले शहाणपण. अखंड चालणाऱ्या मंत्राच्या वस्तूचे सूत्र निराळे : मंत्राची श्रेणी, मांत्रिकाची पातळी आणि २,००० यांचा गुणाकार.

एका मुलाने अदृश्य चिलखताच्या मंत्राची अंगठी मागितली. श्रेणी पहिली, पातळी पहिली, किंमत २,०००. कन्येने मला विचारले, ‘‘बाबा, देऊ का?’’ मी हिशेब तपासला. तो अचूक होता. ‘‘नियमात बसते, मग तू नाही कशी म्हणणार?’’ असे सांगून मी मोकळा झालो.

पुढच्या रविवारी एक मुलगी गप्प बसून होती. कित्येक बैठकांत मुद्रा साठवून तिने संरक्षक मनगटपट्टे घेतले होते. त्यांचे संरक्षण चार गुणांचे. अंगठीचेही नेमके तेवढेच. पट्ट्यांची छापील किंमत मात्र १६,००० होती. ती भांडली नाही. ‘‘मग मी साठवले कशाला?’’ एवढेच तिने विचारले.

त्या रात्री मी ते प्रकरण पुरते वाचले. ही सूत्रे केवळ आरंभ होत. तशाच सामर्थ्याच्या वस्तूशी तुलना करून किंमत ठरवावी, असे ग्रंथच सांगतो. मी कोष्टकापाशीच थांबलो होतो. मंत्र स्वस्त असतो, कारण तो दर वेळी म्हणावा लागतो आणि संपतो. तो अखंड केला की हे बंधनच नाहीसे होते. अचूक प्रहाराचा मंत्र पुढच्या एकाच घावाला वीस गुण देतो. सूत्र शब्दशः लावले तर तो काही हजारांत कायमचा बोटात येईल. तलवारीच्या सूत्राने मात्र वीस गुणांचे आठ लक्ष होतात! २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने तर दुर्मीळ वस्तूला ५०१ ते ५,००० मुद्रा अशी ऐसपैस मर्यादा घालून बाकीचे सूत्रधाराच्या विवेकावर सोपविले.

त्यानंतरच्या रविवारी मी त्या मुलीपाशी माझी चूक कबूल केली. कन्येने अंगठीची किंमत १६,००० ठरविली आणि मुलाला त्याच्या मुद्रा परत दिल्या. तो किंचित हिरमुसला, पण खेळ पुन्हा रंगला.

सूत्र हे विचाराला साहाय्य करण्यासाठी असते, विचारातून सुटका करून घेण्यासाठी नव्हे. कचेरीत हे मी अनेकांना ऐकविले होते; स्वतः मात्र घरी शिकलो. आता एखादा दर मंजूर करण्यापूर्वी, हिशेब बरोबर असला तरी, मी आणखी एक प्रश्न विचारतो : हाच लाभ याआधी कोणी, किती मोजून घेतला आहे?