टेहळणी विमानाची प्रतिकृती

लहान मूल कागदाचे विमान करते ते उडवण्यासाठी. ते दिसते कसे याची त्याला फिकीर नसते. अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले की विमानाचे काम झाले. प्रौढ माणूस टेबलाशी बसून विमानाची प्रतिकृती करू लागतो, तेव्हा ही अट नेमकी उलटी होते. त्याचे विमान कधीच उडावयाचे नसते. ते खऱ्या विमानासारखे असावे, एवढीच त्याची मागणी असते. आणि हे ‘सारखे असणे’ वाटते तितके सोपे नाही, याचा प्रत्यय त्याला पहिल्या आठवड्यातच येतो.

ह्या छंदात सर्वांत रुळलेले प्रमाण म्हणजे एकास बहात्तर. खऱ्या विमानाचे सहा फूट ते प्रतिकृतीचा एक इंच. सहा फुटी वैमानिक येथे इंचभर उंचीचा होऊन बसतो. इंग्लंडमध्ये 1936 साली ह्याच प्रमाणातील प्लॅस्टिकचे संच विक्रीस आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकने हा छंद घरोघर नेला. मधल्या युद्धकाळात तर त्याला छंद म्हणण्याची सोयच उरली नव्हती. 1942 पासून अमेरिकेतील शाळकरी मुलांनी ह्याच मापाची लाकडी विमाने हजारोंनी तासली. कारण आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे हे सैनिकांना बाह्याकृतीवरून ओळखता यावे लागे, आणि त्या शिक्षणासाठी मापात चोख असलेल्या प्रतिकृती हव्या होत्या. अशा विमानाचा पंख चुकीचा तासला गेला, तर ती चूक ओळखणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊन बसणार होती.

हे सारे ध्यानात ठेवून एखादा भारतीय कारागीर कॅनबेरा विमानाची निवड करतो, असे समजू या. कॅनबेराचे पहिले उड्डाण 13 मे 1949 रोजी इंग्लंडमध्ये झाले. दोन जेट इंजिने, रुंद पंख आणि चाळीस हजार फुटांवरून जाण्याची क्षमता ही त्याची वैशिष्ट्ये. भारताने 1957 साली ही विमाने घेतली आणि तब्बल पन्नास वर्षे वापरली. मे 2007 मध्ये आग्रा येथे त्यांना निरोप देण्यात आला. त्यांतील बहुसंख्य विमाने बाँबफेकी होती. 1961 च्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या वेळी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले ते ह्याच कॅनबेरांनी. परंतु थोडी विमाने वेगळ्या कामासाठी घेतलेली होती. त्यांच्याजवळ तोफ नव्हती, बाँब नव्हते. होते ते कॅमेरे. पी. आर. 57 हे त्या टेहळणी विमानाचे नाव.

कारागिराची कसोटी येथूनच सुरू होते. हाती पडलेला संच बाँबफेकी कॅनबेराचा असेल, तर त्याचे भाग जोडून टेहळणी कॅनबेरा तयार होत नाही. भारतीय बाँबफेकी विमानात वैमानिकाच्या डोक्यावरील काचेचे आच्छादन डाव्या बाजूस सरकवलेले होते. टेहळणी विमानावर मात्र मधोमध गोल घुमट होता. हा फरक कोणाच्याही नजरेस येतो. दुसरा फरक अधिक लबाड आहे. टेहळणी विमानाला दूरचा पल्ला गाठावयाचा असल्यामुळे त्यात जादा इंधनाची सोय करावी लागली, आणि त्यापायी त्याचे धड पंखांच्या पुढे चौदा इंचांनी लांबवण्यात आले. चौदा इंचांना बहात्तरने भागले म्हणजे प्रतिकृतीत जेमतेम पाच मिलिमीटर येतात.

तयार प्रतिकृतीची लांबी सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटर भरते. त्यात पाच मिलिमीटर कमी पडले तर पाहुण्यांपैकी कोणाच्या ध्यानात येणार? बहुधा कोणाच्याच नाही. तरीही त्यासाठी करवतीने धड कापावे लागते, प्लॅस्टिकच्या पत्र्याची चकती नेमक्या जाडीची करून मध्ये बसवावी लागते, आणि सांधा बुजवून पुन्हा गोलाई साधावी लागते. धड किंचित जरी पिळले गेले, तरी काचेचे नाक एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे पाहू लागते. कापावे की कापू नये, हा निर्णय त्या एकट्या माणसाचा असतो.

जोडणीची कृती तशी साधी आहे. हे प्लॅस्टिक जोडण्याचा द्रव गोंदासारखा चिकटवीत नाही. तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकजीव होऊन सुकतात. म्हणून तो बेताने लावावा लागतो. जास्त झाला की पृष्ठभागच खातो. सांध्यात पुट्टी भरावी, ती पुरती वाळू द्यावी आणि मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे. वाळण्याआधी घासणाऱ्याला दोन दिवसांनी तेथे खाच पडलेली दिसते. धीर धरणे हा ह्या छंदातला उपदेश नव्हे. तो त्यातला एक पदार्थ आहे, पुट्टीसारखाच.

आणखी एक अडचण वजनाची. कॅनबेरा पुढच्या नाकाखालील चाकावर आणि पंखांखालील चाकांवर उभे राहते. खऱ्या विमानात यंत्रे, माणसे आणि इंधन यांनी तोल राखलेला असतो. पोकळ प्रतिकृती मात्र शेपटीवर बसते. म्हणून पुढच्या भागात शिशाचे तुकडे दडवावे लागतात. पण कॅनबेराचे नाक काचेचे. तेथे मार्गदर्शकाने पालथे पडून खालची भूमी पाहावयाची. जेथून पाहावयाचे तेथेच शिसे कोंबणे बरे दिसत नाही. तेव्हा ते वैमानिकाच्या आसनामागे आणि इंजिनांच्या पुढील पोकळीत वाटून टाकतात. बाहेरून काही दिसत नाही. विमान तेवढे नीट उभे राहते.

मग रंग. टेहळणी विमानाचा रंग ही शोभा नसते, ती त्याची ढाल असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी उंचावरून जाणाऱ्या टेहळणी विमानांसाठी खास निळा रंग ठरवला, आणि ढगांच्या खालून जाणाऱ्या काही विमानांना चक्क फिका गुलाबी रंग दिला. पहाटेच्या व संध्याकाळच्या आकाशात तो मिसळून जाई. पुढे कॅनबेरावर रुपेरी रंगही आला. हा रुपेरी रंग कारागिराची परीक्षा पाहतो. इतर रंग लहानसहान ओरखडे पोटात घालतात. रुपेरी रंग ते चव्हाट्यावर मांडतो. म्हणून आधी अस्तराचा हात द्यावा, उजेडात तिरपे धरून पाहावे, दोष दिसला की पुन्हा घासावे, आणि मगच पातळ केलेल्या रंगाचे हलके थर चढवावेत. उघड्या धातूची चकाकी आणण्याचा मोहही आवरावा लागतो. कॅनबेराच्या उभ्या शेपटीच्या पुढच्या भागावर लाकडी आवरण होते, आणि त्यावरूनही तोच रंग फिरवलेला असे. लाकडाला आरशासारखे चमकवणारा कारागीर सुंदर वस्तू करील, कॅनबेरा करणार नाही.

शेवटी केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या वर्तुळांची चिन्हे पाण्यात भिजवून जागेवर सरकवावयाची. ती कोठे बसतात हे छायाचित्र पाहूनच ठरवावे लागते, कारण एकाच विमानाचे रंग आणि खुणा पन्नास वर्षांत बदलत गेल्या. प्रतिकृती ही विमानाची नसते. त्या विमानाच्या एका दिवसाची असते.

छायाचित्राकडे वळावे लागते, त्यातही एक नाते आहे. महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील मेडमेनहॅम येथे हवाई छायाचित्रांचा अभ्यास चाले. 1943 च्या अखेरीस पेनेमुंडेच्या एका छायाचित्रावर कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ ह्या महिला अधिकाऱ्याने भिंग धरले, आणि उताराच्या पट्टीवरील एका बारीकशा आकृतीत तिला जर्मनांचे चालकविरहित अस्त्र ओळखता आले. त्याच ठिकाणी छायाचित्रांवरून शत्रूच्या प्रदेशाच्या प्रतिकृती बनवणारा स्वतंत्र विभागही होता. तेव्हा विमानाने आणलेल्या चित्रावरून भूमीची प्रतिकृती होत असे. आज चित्रावरून त्या विमानाचीच प्रतिकृती होते. दोन्हीकडे गुण एकच लागतो. जे आहे ते पाहावयाचे. जे असावेसे वाटते ते नव्हे.

हा गुण किती मोलाचा आहे, हे भारतीय कॅनबेराच्या इतिहासात लिहिलेले आहे. 10 एप्रिल 1959 रोजी एक कॅनबेरा रावळपिंडीजवळ पाडण्यात आले. त्यातील दोघे अधिकारी हवाई छत्रीच्या आधाराने वाचले. त्यानंतरही टेहळणीची उड्डाणे थांबली नाहीत. 106 क्रमांकाच्या तुकडीतील जगमोहन नाथ यांनी तिबेटच्या बाजूस धोकादायक उड्डाणे केली आणि 1962 साली त्यांना महावीरचक्र मिळाले. 1965 च्या युद्धातील टेहळणीबद्दल ते त्यांना दुसऱ्यांदा मिळाले. निःशस्त्र विमानातून जाणाऱ्या माणसाचा हा गौरव होता. उतारवयात मुलाखती देताना मात्र त्यांनी एक खंत बोलून दाखवली : 1962 च्या आधी चिनी सैन्याची जमवाजमव आपण पाहिली, तिची चित्रे आणली, पण त्यांची घ्यावी तशी दखल घेतली गेली नाही. जीव धोक्यात घालून आणलेला अहवाल वाचणाराच्या सोयीचा नसला, म्हणजे त्याचे काय होते, हे त्या खंतीत आले.

टेबलाशी बसलेल्या कारागिरावर एवढी जोखीम नसते. त्याच्या पाच मिलिमीटरांवर कोणाचे प्राण अवलंबून नाहीत. परंतु गैरसोयीचे माप समोर आले असता ते नाकारावे की करवत हाती घ्यावी, हा प्रश्न त्याच्यापुढेही येतोच. आणि तेथे कोणी पाहत नसते, म्हणून उत्तर अधिक खरे असते. काम संपल्यावर कपाटातील ते लहानसे रुपेरी विमान पाहून एखादे मूल विचारील, ‘याला बंदूक कुठे आहे?’ तेव्हा त्याला विमान उलटे करून पोटाखालच्या इवल्याशा खिडक्या दाखवाव्यात, आणि सांगावे की याचे काम पाहण्याचे होते.