विमान विकत मिळते, कॅप्टन घडवावा लागतो

श्रोतेहो, प्रत्येक कार्यालयाच्या आस्थापना शाखेत सेवाज्येष्ठतेची यादी असते. कोणता कर्मचारी कोणत्या वर्षी सेवानिवृत्त होणार, त्याच्या जागी कोणाला पदोन्नती मिळणार आणि त्यामुळे रिकामी होणारी खालची जागा कशी भरावयाची, याचा हिशेब त्या यादीवरून मांडता येतो. हा हिशेब वेळेवर मांडला गेला नाही, तर काय घडते, हे मुख्याध्यापकाविना वर्ष काढलेल्या शाळेला विचारावे. विमान वाहतुकीतील वैमानिकांचा प्रश्न मुळात असाच आहे. फरक इतकाच की, तेथील एक वरिष्ठ जागा भरण्यासाठी कित्येक वर्षे आधी तयारी करावी लागते.

कॅप्टन कसा तयार होतो?

प्रवासी विमानात डावीकडे कॅप्टन बसतो व उजवीकडे सहवैमानिक. भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि २०० तासांचे उड्डाण व्हावे लागते. त्यानंतर ज्या जातीचे विमान चालवावयाचे, त्या जातीचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. मग सहवैमानिक म्हणून अनुभव जमवावयाचा. वरच्या श्रेणीच्या परवान्यासाठी किमान २१ वर्षे वय आणि १,५०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. तेवढ्याने कॅप्टनची खुर्ची मिळतेच असे नाही. कृत्रिम उड्डाणयंत्रावरील परीक्षा, प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखालील प्रत्यक्ष उड्डाणे आणि अंतिम चाचणी हे टप्पे पार पडल्यावरच शेकडो प्रवाशांची जबाबदारी त्याच्यावर सोपविली जाते.

एक निवृत्ती, अनेक प्रशिक्षणे

सार्वजनिक हवाई वाहतुकीत वयाच्या ६५ व्या वर्षानंतर वैमानिकास काम करता येत नाही. समजा, परदेशी जाणाऱ्या बोइंग ७७७ विमानाचा एक कॅप्टन निवृत्त झाला. त्याच्या जागी एअरबस ३२० विमानाचा कॅप्टन घ्यावयाचा, तर त्याला नव्या विमानाचे प्रशिक्षण द्यावे लागते. त्याच्या रिकाम्या खुर्चीसाठी एखाद्या सहवैमानिकाला कॅप्टन म्हणून तयार करावे लागते, आणि त्या सहवैमानिकाच्या जागी सुमारे सत्तर आसनांच्या एटीआर ७२ विमानावरील तरुण येतो. अशा रीतीने एका निवृत्तीतून तीन-चार प्रशिक्षणे उभी राहतात. शिकणारे त्या काळात नेहमीच्या कामासाठी उपलब्ध नसतात आणि त्यांना शिकविणारे कॅप्टनही तेवढे कमी पडतात. म्हणून पटावर वैमानिक पुरेसे दिसत असले, तरी वेळापत्रक चालविताना ते अपुरे पडू शकतात.

या साखळीचे शेवटचे टोक लहान विमानापाशी, म्हणजेच लहान गावापाशी असते. अमेरिकेत २०२० साली महामारीमुळे प्रवासी घटले, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी हजारो वैमानिकांना मुदतपूर्व निवृत्ती दिली. प्रवासी परतताच त्या जागा भरण्यासाठी प्रादेशिक कंपन्यांचे वैमानिक वर ओढले गेले आणि कित्येक लहान शहरांच्या विमानफेऱ्या कमी झाल्या.

भारतातील अनुभव

वैमानिकाची जागा तडकाफडकी भरता येत नाही, हे शासनानेही मान्य केले आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ साली केलेल्या नियमानुसार नोकरी सोडताना कॅप्टनने एक वर्षाची, तर सहवैमानिकाने सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावयाची असते.

विमानांची मागणी मात्र वेगाने वाढली. एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी २०२३ या एकाच वर्षी नोंदविली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले व २०२५ मध्ये दोन टप्प्यांत अमलात आले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या कामावर अधिक कडक मर्यादा आली. थकलेल्या माणसाच्या हाती विमान देऊ नये, हा त्यामागील हेतू. तरीही डिसेंबर २०२५ च्या प्रारंभी इंडिगोची उड्डाणे मोठ्या प्रमाणावर कोलमडली. ५ डिसेंबर या एका दिवशी हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. अखेर रात्रीच्या कामाच्या नियमांतून त्या कंपनीस १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सवलत द्यावी लागली. पुरेसे राखीव मनुष्यबळ नसले, की प्रवाशांची गैरसोय तर होतेच. पण सुरक्षिततेसाठी केलेला नियमही मागे घ्यावा लागतो. खरी हानी ती हीच.

महाराष्ट्राने काय करावे?

जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन विमान जुहूच्या धावपट्टीवर उतरविले. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला कर्मचारी असलेले विमान कोलकाता ते सिल्चर असे उडाले. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेच्या पहिल्या फेऱ्यांत नांदेड-हैदराबाद ही फेरी होती. गोंदियाजवळ बिरसी येथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. परंपरा आहे, साधनेही आहेत. आता आवश्यकता आहे ती योग्य मार्गदर्शनाची.

येथे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एक गोष्ट पालकांना स्पष्टपणे सांगितली पाहिजे. टंचाई आहे ती अनुभवी कॅप्टनची. नव्या परवानाधारकांची नव्हे. वैमानिक कमी आहेत, असे ऐकून एखादा शेतकरी जमीन गहाण टाकतो, मुलगा परवाना घेऊन येतो आणि सहवैमानिकाच्या नोकरीसाठी दीर्घकाळ वाट पाहत बसतो, असे घडू शकते. म्हणून शुल्क भरण्यापूर्वीच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. संस्थेला महासंचालनालयाची मान्यता आहे काय, तिच्याकडे चालू स्थितीतील विमाने किती व २०० तास पूर्ण होण्यास प्रत्यक्षात किती काळ लागतो, याची चौकशी करावी. विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च बहुधा वेगळा करावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. गणित व पदार्थविज्ञान यांचा पाया पक्का करणे तर शाळेच्याच हाती आहे.

श्रोतेहो, निवृत्तीची तारीख जन्मतारखेबरोबरच लिहिली जाते. ती अचानक उगवत नाही. कारखान्याकडे विमानाची मागणी नोंदविली जाते, त्याच दिवशी त्या विमानाच्या डाव्या खुर्चीवर कोण बसणार, याचाही विचार झाला पाहिजे. तो झाला, तरच लहान गावांची विमाने वेळेवर उडतील आणि वैमानिकांना त्यांच्या हक्काची झोप मिळेल.