आनंदीबाईंचें फिलाडेल्फियांतील बिऱ्हाड

परदेशीं शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याचें कौतुक दोन वेळां होतें. एकदां बोटीवर चढतांना आणि दुसऱ्यांदां पदवी घेऊन उतरतांना. मधल्या काळांत त्यानें खोली कोठें घेतली, तो जेवला काय, थंडीत त्यानें अंगावर घेतलें काय, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या बाबतींत असेंच झालें आहे. १८८३ सालीं त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ सालीं एम्. डी. झाल्या, हें शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असतें. परंतु अठरा वर्षांच्या या मुलीनें फिलाडेल्फिया शहरांत आपलें बिऱ्हाड कसें मांडलें, ही हकीकत त्या पदवीइतकीच ऐकण्यासारखी आहे.

ता. ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या. प्रवासखर्चासाठीं त्यांनीं अंगावरचें सोनें विकलें होतें. सोबतीस मिशनरी स्त्रिया होत्या. आपलें माणूस एकही नव्हतें. ४ जूनला न्यूयॉर्कास उतरल्या तेव्हां त्यांना घ्यावयास थिओडिशिया कार्पेंटर ही बाई आली होती. या बाईंनीं दंतवैद्याच्या दारीं ताटकळत असतां एका मिशनरी मासिकांत गोपाळराव जोश्यांचें पत्र वाचलें आणि केवळ त्यावरून पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल या गांवीं मावशीच्या घरींच तो उन्हाळा गेला. परक्या मुलखांत पहिले कांहीं महिने एखाद्या कुटुंबांत काढावयास मिळणें यासारखें भाग्य नाहीं. भाषा पुस्तकांतून येते. पण दार केव्हां ठोठवावें, आभार किती वेळां मानावे आणि नको म्हणावयाचें तें कसें म्हणावें, हें घरांतच कळतें.

ऑक्टोबरांत रोझेल सोडून फिलाडेल्फियास जावें लागलें. बिऱ्हाड हलविणें आनंदीबाईंना नवें नव्हतें. गोपाळराव टपालखात्यांतले, अलिबागेपासून कलकत्त्यापर्यंत बदलीबरोबर संसार फिरला होता. पण तेव्हां बोचकीं बांधावयास दोघें असत. आतां त्या एकट्या होत्या. शहर मात्र नवख्याला फारसें चकविणारें नव्हे. विल्यम पेन यानें १६८२ सालीं आंखून दिलेले तेथील रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ आहेत. एका दिशेच्या रस्त्यांना आंकडे आणि दुसऱ्या दिशेच्या कित्येकांना झाडांचीं नांवें. ज्यास अंक मोजतां येतात तो तेथें फार वेळ वाट चुकत नाहीं. स्त्रियांचें वैद्यकीय महाविद्यालय तेथें १८५० पासून चालू होतें. त्याच्या मुख्याध्यापिका रेचल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या पंडिता होत्या. आनंदीबाईंचा अर्ज वाचून त्यांचें मन वळलें आणि तीन वर्षांच्या शिक्षणास ६०० डॉलरांची शिष्यवृत्ति मिळाली. विद्येची सोय अशी झाली. राहिलें तें नेसणें, जेवणें आणि शेकणें.

नेसण्याचा प्रश्न वाटतो तितका लहान नव्हता. निघण्यापूर्वीं, २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं, श्रीरामपूरच्या सभेंत आनंदीबाईंनीं इंग्रजींत भाषण करून सांगितलें होतें कीं, मी हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन. आतां कासोट्याचें नऊवारी लुगडें नेसलें कीं पोटऱ्या उघड्या राहतात. तेथील लोकांच्या दृष्टीनें तें असभ्य, आणि तेथील हिंवाळ्याच्या दृष्टीनें तर वेडेपणाच. पाश्चात्य झगा घालावा, तर सभेंत दिलेला शब्द जातो. पुष्कळ विचार करून त्यांनीं गुजराथी पद्धतीनें लुगडें नेसावयास आरंभ केला. त्यामुळें घोटे झांकले, आंत परकर घालतां आला, आणि पोषाख हिंदी तो हिंदीच राहिला. एवढ्यावरून कोणी नाक मुरडलें असेल, तर त्यानें फिलाडेल्फियाचा जानेवारी पाहिला नव्हता इतकेंच म्हणावयाचें.

जेवणाच्या बाबतींत असा मधला मार्ग नव्हता. मांस खावयाचें नाहीं हा त्यांचा निश्चय, आणि जेथें ताटाचा मुख्य पदार्थच मांस, तेथें बाजूच्या उकडलेल्या भाजीवर पोट भरावयाचें. दिवसभर शरीरशास्त्राचीं व्याख्यानें, शवच्छेदन आणि पाठांतर. त्यानंतर स्वतःच्या अन्नाची तजवीज स्वतःच पाहावयाची. बौद्धिक श्रमाला शरीर जें भाडें मागतें, तें या अन्नांतून पुरेसें मिळत नव्हतें.

सर्वांत वाईट गोष्ट खोलीची. खोलींतील शेगडी नीट बांधलेली नव्हती. विस्तव पेटविला कीं धूर आंतच कोंडे. तेव्हां धूर पत्करावयाचा कीं थंडी, एवढीच निवड उरे. जिनें लुगड्याच्या नेसणीवर इतका विचार केला, तिनें शेगडीसाठीं भांडण केलें असतें तर बरें झालें असतें. पण शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यास मागणें मागण्याचा संकोच असतो. उपकाराखालीं असलेला मनुष्य गैरसोयीला गैरसोय म्हणत नाहीं, आणि आनंदीबाई तर एका देशाची अब्रू आपल्या हातीं आहे असें समजून वागत होत्या.

मन मोकळें करावें, तर पत्राला उत्तर येण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागे. आणि गोपाळरावांच्या कित्येक पत्रांचा सूर धीर देणारा नव्हे, संशयाचा व करडा असे. आनंदीबाईंनीं त्यांना नम्रपणें, पण स्पष्ट उत्तरें दिलीं. नवऱ्यानेंच शिकविलेली मुलगी आतां त्याच्याशीं बरोबरीनें बोलूं लागली होती. हें धैर्य तिला घरापासून दूर राहण्यानें आलें असें म्हणणें चुकीचें होणार नाहीं. जिव्हाळाही मिळाला. १० ऑक्टोबर १८८५ रोजीं काढलेलें एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यांत आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबत इस्लामबुली, अशा त्याच महाविद्यालयाच्या तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषांत बसल्या आहेत. त्या परक्या शहरांत तिघीही सारख्याच परक्या होत्या.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंना पदवी मिळाली. प्राचीन आर्यांचें प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडाहून आल्या होत्या. पण तोंपर्यंत क्षयानें शरीर पोखरलें होतें. याचा दोष कोणी थंडीवर ठेवतात, कोणी शाकाहारावर. डोकेदुखी, ताप आणि धाप हीं दुखणीं कलकत्त्याकडे असतांनाच सुरू झालीं होतीं, हें विसरून चालणार नाहीं. शिवाय क्षयाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉक यांनीं मार्च १८८२ मध्येंच जाहीर केला होता, आणि त्यावर गुण देणारें स्ट्रेप्टोमायसिन सांपडावयास १९४३ साल उजाडलें. ज्या रोगास उत्तम डॉक्टरही हात टेकीत, त्याचें खापर एका शेगडीवर फोडतां येत नाहीं. तथापि धुरानें कोंडलेली खोली आणि अर्धपोटीं अभ्यास, यांनीं त्या शरीराची लढाई सोपी केली नाहीं, हेंही तितकेंच खरें.

स्वदेशीं परतल्यावर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागाचें काम त्यांची वाट पाहत होतें. तें हातीं घेण्याइतका अवधि मिळाला नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे धाडण्यांत आली. मावशींनीं ती न्यूयॉर्क संस्थानांत, पोकिप्सी येथील आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेवली, आणि वर आनंदीबाईंचें नांव कोरलेला दगड उभा आहे.